अष्टपैलू फळी

गेल्या वर्षभरात आमच्या परिचितांपैकी निदान आठ-दहा जणांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला आहे. तो शुद्धलेखनाचा नाही, शाळाप्रवेशाचा नाही, आणि कोणाच्या मुलीच्या स्थळाचाही नाही. ‘सर, पिकलबॉलचं पॅडल कुठलं घेऊ?’ असा तो प्रश्न आहे. बेळगावातील एका सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापकास लोकांनी हे विचारावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरी जे पॅडल आहे ते घेण्यापूर्वी आम्ही इतकी चौकशी केली, की त्या चौकशीचीच कीर्ती गावभर झाली. प्रत्येकास रस्त्यात उभे राहून उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून मोकळे व्हावे, म्हणून हा लेखनप्रपंच. मैदानावर सारे जण ‘पॅडल’ म्हणतात. आम्ही मात्र या लेखात ‘फळी’ म्हणणार आहोत. तीस वर्षे फळ्यापुढे काढलेल्या माणसाला तो शब्द जवळचा वाटतो, आणि मूळची वस्तूही फळीच होती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब असे मैदान. मध्ये जाळी, कडेला ३६ इंच उंच आणि मधोमध ३४ इंच. भोके पाडलेला कडक प्लास्टिकचा हलका चेंडू. आणि प्रत्येकाच्या हाती एक फळी. मैदानाची ही मापे म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाचीच मापे आहेत, हे जाणकारांच्या लगेच लक्षात येईल. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील सिएटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोन गृहस्थांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींना रमवण्यासाठी बॅडमिंटनच्या जुन्या मैदानावर हा खेळ मांडला. बॅडमिंटनचे साहित्य धड सापडेना, तेव्हा टेबल-टेनिसच्या बॅटी आणि सच्छिद्र चेंडू घेऊन भागवले. पुढे बार्नी मॅकॅलम नावाच्या त्यांच्या शेजाऱ्याने प्लायवूड कापून मोठ्या फळ्या तयार केल्या. बॅडमिंटनचे नियम १८७० नंतरच्या काळात पुण्याच्या लष्करी छावणीत बांधले गेले आणि तो खेळ काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. तेव्हा पिकलबॉलशी आपले दूरचे का होईना, चुलत नाते निघते असे आम्ही गमतीने म्हणतो. भारतात तो रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकरांकडे जाते. २००८ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली ती त्यांच्याच खटपटीने.

नावातील ‘पिकल’मुळे आमच्या सौभाग्यवतींचा समज असा झाला होता, की या खेळात लोणच्याचा काहीतरी संबंध असावा. तो तसा नाही. वल्हवण्याच्या शर्यतीत उरल्यासुरल्या नावाड्यांची जी होडी असते तिला तिकडे ‘पिकल बोट’ म्हणतात. निरनिराळ्या खेळांतील उरलेसुरले साहित्य गोळा करून हा खेळ बनला म्हणून प्रिचर्डबाईंनी त्यास ते नाव दिले, असे ते कुटुंब सांगते. प्रिचर्डांच्या कुत्र्यावरून नाव पडले अशीही एक कथा आहे, पण कुत्रा मागाहून आला आणि खेळाचे नाव त्याला मिळाले, असे त्याच कुटुंबाचे म्हणणे. जाळीलगतच्या सात फुटांच्या पट्ट्यास ‘किचन’ म्हणतात आणि तेथे उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारण्यास मनाई आहे. स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही असा नियम असलेला हा जगातला पहिलाच खेळ, असे म्हणून सौ. मनापासून हसल्या होत्या.

त्यांच्या या हसण्याविषयी थोडे लिहिले पाहिजे, नाहीतर एका फळीसाठी आम्ही एवढा खटाटोप का केला ते वाचकांस कळणार नाही. आमच्या मातोश्री २०२२ च्या श्रावणात निवर्तल्या. त्यापूर्वीची चार वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सारे काही सौ.नी केले. कूस बदलणे, अंग पुसणे, पेज भरवणे, रात्री तीन वेळा उठणे. आम्ही शाळेत असू. रविवारी हातभार लावू तेवढाच. आई गेल्यावर लोक म्हणाले, ‘आता तुम्ही सुटलात वहिनी.’ सुटल्या खऱ्या, पण त्या मोकळ्या हातांचे काय करायचे ते त्यांना उमजेना. पहाटे साडेचारला पूर्वीप्रमाणेच जाग येई आणि त्या आईच्या रिकाम्या कॉटसमोर खुर्ची टाकून बसून राहत. बोलणे कामापुरते. शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांनी एके दिवशी जवळजवळ हात धरून सौ.ना टिळकवाडीतल्या मैदानावर नेले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांना आणायला गेलो तेव्हा कुंपणाबाहेरूनच आम्हांला त्यांचे हसणे ऐकू आले. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही जाऊ लागलो.

पुण्याच्या भाच्याने दिलेली त्याची जुनी फळी आमच्या हाती होती आणि तिच्यावर आमचे दीड वर्ष उत्तम चालले. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगास कळ येऊ लागली. प्रथम खेळताना, मग फळ्यावर लिहिताना, आणि शेवटी चहाची किटली उचलताना. डॉक्टरांनी ‘टेनिस एल्बो’ असे निदान केले. मनगट वर उचलणारे जे स्नायू असतात त्यांचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जोडलेला असतो, आणि वारंवार ताण पडून तो दुखावतो. खडूचा आणि फळीचा, असे दोन्ही ताण एकाच जागी जमा झाले होते. सहा आठवडे विश्रांती, मग पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हाती धरून मनगट हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम, असा उपचार ठरला. जाता जाता डॉक्टर म्हणाले, ‘खेळायचं साधन एकदा दाखवा.’ फळी पाहून त्यांनी मान हलवली. मूठ बारीक, डोके जड, आकार लांबट.

त्या सहा आठवड्यांत सौ.ही मैदानावर गेल्या नाहीत. ‘अगं, तू तरी जा,’ असे आम्ही परोपरीने सांगितले. ‘तुम्ही यायला लागलात की जाऊ,’ एवढेच उत्तर. आणि चौथ्या आठवड्यात एका पहाटे आम्हांला जाग आली तेव्हा त्या पुन्हा त्या कॉटसमोर खुर्चीवर बसलेल्या दिसल्या. दिवा लावलेला नव्हता. कोपर बरे होवो न होवो, आम्ही खेळू शकू अशी फळी मिळालीच पाहिजे, हे आम्ही त्या पहाटे ठरवले.

आता फळीच्या अंतरंगाकडे वळू. मॅकॅलमची फळी भरीव लाकडाची. १९८४ साली आर्लेन परांटो नावाच्या बोइंग कंपनीतील अभियंत्याने विमानात वापरतात तसल्या मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ पत्र्यांपासून फळी केली, आणि तेथून पुढील चार दशके ‘पोळे’ हाच फळीचा गाभा राहिला. आज सर्वत्र दिसणाऱ्या फळीत पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या षट्कोनी नळ्या उभ्या रचलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंना काचतंतूचा किंवा कार्बनतंतूचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. फळी हलकी होते, चेंडूही चांगला निघतो. पण मधमाश्यांच्या पोळ्याला बोटाने दाबले की जे होते तेच येथेही हळूहळू होते. हजारो फटक्यांनी नळ्यांच्या भिंती चेपतात. कधी पत्रा गाभ्यापासून सुटतो. गंमत अशी, की सुटलेल्या पत्र्याची फळी मरण्याआधी काही दिवस भलतीच जोरात मारू लागते. विझण्यापूर्वी दिवा मोठा होतो तसे. २०२२-२३ च्या सुमारास उष्णता आणि दाब देऊन एकसंध केलेल्या, कडेने फेस भरलेल्या फळ्या आल्या, त्यांत हा प्रकार फार बोकाळला.

त्यावरचा इलाज म्हणून पोळेच काढून टाकून सबंध गाभा फेसाचा करण्याची कल्पना पुढे आली, आणि २०२५ पासून अशा फळ्यांनी बाजार भरून गेला. ‘आत फेस आहे’ असे सांगताच सौ.नी विचारले, ‘म्हणजे गणपतीच्या मखराचं थर्माकोल?’ प्रश्न अगदी योग्य होता. थर्माकोल हा पॉलिस्टायरीनचा फेस. बोटाने दाबला की खड्डा पडतो तो पडतोच, आणि मग दाणे सुटू लागतात. फळीतला फेस बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. मोटारीच्या बंपरच्या आत धक्का सोसण्यासाठी जो भरतात, त्याच जातीचा. दाबला की पुन्हा उसळून मूळ आकारात येतो, हा त्याचा गुण. पुष्कळ फळ्यांत या गाभ्याभोवती दुसऱ्या, अधिक मऊ फेसाचे कडे असते. ते बुटांच्या तळव्यांना आणि स्लिपरांना वापरतात त्या पदार्थाचे. चेंडू आपटला की मधला गाभा त्या कड्यावर किंचित हलतो आणि परत येतो.

याचा हाताला काय फरक जाणवतो, ते सांगणे अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. पोळ्याच्या फळीवर चेंडू ‘टॉक’ करून निघतो. फेसाच्या फळीवर तो क्षणभर टेकल्यासारखा वाटतो आणि मग निघतो. आवाजही जरा दबका. फळीच्या मधोमध जो गोड भाग असतो तो फेसात अधिक पसरलेला जाणवतो, म्हणजे चेंडू दोन बोटे बाजूला लागला तरी फार बिघडत नाही. नळ्याच नसल्याने त्या चेपण्याचा प्रश्न उरत नाही. तथापि जाहिरातीत म्हणतात तशी ती अमर नाही. कार्बनच्या पत्र्यावरचा जो खरखरीतपणा चेंडूस फिरकी देतो तो फेसाच्या फळीवरही तसाच झिजतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फेसाने कोपर बरे होते असे जो विक्रेता सांगेल त्याच्या दुकानातून लगेच बाहेर पडावे. आमचे कोपर विश्रांतीने आणि त्या पाण्याच्या बाटलीने बरे झाले. फळीने ते पुन्हा बिघडू नये, एवढेच फळीकडून मागायचे.

फळ्यांवर ‘पॉवर’, ‘कंट्रोल’ आणि ‘ऑल-राउंड’ असे तीन शिक्के असतात. यांतील तिसऱ्यास आम्ही ‘अष्टपैलू’ म्हणतो. या शब्दाचा क्रिकेटवाल्यांनी असा काही थाट करून ठेवला आहे, की अष्टपैलू म्हणजे सर्वांत श्रेष्ठ असे लोकांना वाटते. फळीच्या बाबतीत अष्टपैलू म्हणजे कशातच टोकाला न जाणारी. शाळेत एखादा शिक्षक असा असतो की रजेवरील कोणाचाही तास त्याला द्यावा, गणित असो वा भूगोल, वर्ग शांत राहील आणि मुले काहीतरी शिकून बाहेर येतील. त्या शिक्षकास आदर्श शिक्षक पुरस्कार मिळत नाही. पण तो आजारी पडला की मुख्याध्यापकाची झोप उडते. आमच्या वयाच्या, पहाटे तासभर दुहेरी खेळणाऱ्या माणसाला असलीच फळी हवी.

ती ओळखायची कशी? नियमाप्रमाणे फळीची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा आणि एकटी लांबी १७ इंचांपेक्षा अधिक चालत नाही. साहजिकच लांबी वाढवली की रुंदी घटते. साडेसोळा बाय साडेसात ही लांबट फळी. हात लांब पोचतो, फटक्यास जोर येतो, पण चेंडू कडेला लागला की ती मुठीत फिरते, आणि ते फिरणे रोखण्याचे काम कोपराशी जोडलेल्या त्याच स्नायूंना करावे लागते. सोळा बाय आठ ही रुंद फळी. ती कमी फिरते, चुका पोटात घालते. या दोहोंच्या मधला एक संकरित आकार असतो. आमच्या मते पन्नाशीच्या पुढच्यांनी रुंद किंवा संकरित यांच्यातच निवड करावी, आणि लांबट फळी भाच्यांसाठी सोडावी.

जाडीचा नियम पूर्वी सोपा होता. १६ मिलिमीटर म्हणजे संयम, १४ म्हणजे जोर. फेसाच्या फळीत तो तितका काटेकोर राहिलेला नाही, कारण फेसाची घनता आणि भोवतालचे कडे यांनी गणित बदलते. तरीही संशय असेल तर १६ घ्यावी.

वजनाविषयी मात्र छापील आकड्यावर विसंबू नये. बहुतेक फळ्या साडेसात ते साडेआठ औंसांच्या, म्हणजे सुमारे २१० ते २४० ग्रॅमच्या असतात. आमचे एक बालमित्र सराफ आहेत. मैदानावरच्या तरुण मंडळींच्या चार फळ्या आम्ही त्यांच्या काट्यावर ठेवल्या. ज्या फळीवर आठ औंस, म्हणजे २२७ ग्रॅम लिहिले होते ती भरली २३३. सोन्यात सहा ग्रॅमांचा फरक पडला असता तर आमची पेढी बंद झाली असती, असे म्हणून त्यांनी ती फळी सोन्याच्या लगडीच्या आदराने परत केली. शिवाय नुसते वजन पुरेसे नाही. ते कोठे बसले आहे ते महत्त्वाचे. झाडूचा दांडा धरून झाडू उचलावा आणि मग उलटा करून उचलावा, वजन तेच, पण हाताला दोन वेगळ्या वस्तू वाटतात. परदेशी जाणकार यासाठी ‘स्विंग वेट’ असा आकडा देतात. तो साधारण १०५ ते १२५ च्या दरम्यान असतो. कोपर दुखावलेल्याने ११५ च्या आत राहावे असा आमचा स्वानुभव आहे, शास्त्र नव्हे. हलकी फळी मागाहून कडेला जड पट्टी चिकटवून वजनदार करता येते. जड फळी हलकी करता येत नाही.

मुठीचेही तसेच. अनामिकेच्या टोकापासून तळहाताच्या मधल्या रेषेपर्यंत मोजावे. ते अंतर बहुधा चार ते साडेचार इंच भरते आणि तोच मुठीचा घेर समजावा. बारीक मूठ पट्टी गुंडाळून जाड होते, जाड मूठ तासता येत नाही. बारीक मुठीवर हात नकळत घट्ट आवळला जातो. फळी चिमणीच्या पिलासारखी धरावी, असे आमच्या परिचारिकाबाई सांगतात.

खऱ्या-खोट्याचाही एक प्रकार सांगतो. अमेरिकेतील संघटना फळ्या तपासून मान्यता देते. २०२४ च्या अखेरीपासून तर चेंडू फळीवरून किती वेगाने उसळतो याचीही मर्यादा तपासली जाते, कारण नव्या फळ्यांचा जोर समोरच्याच्या डोळ्यांस धोका होऊ लागला होता. मान्यतेचा छाप फळीवर असतो. आमच्या एका सहकाऱ्याने निम्म्या किमतीत मिळाली म्हणून मोठ्या हौसेने एक फळी आणली. छाप होता, चकाकी होती, सर्व काही होते. पण कंपनीच्या नावात एक अक्षर कमी होते. आयुष्यभर वह्या तपासल्याचा हा एवढा एक व्यवहारी उपयोग आम्हांस झाला. तीन आठवड्यांत तिचा पत्रा आतून वाजू लागला.

विकत घेण्यापूर्वी मागून खेळावे, हे सर्वांत महत्त्वाचे. मैदानावर एक तरुण अभियंता येतो. ‘सर, घेऊन बघा की, आठवडाभर राहू दे तुमच्याकडं,’ असे म्हणून त्याने आपली फळी खुशाल दिली. त्याच्याच ओळखीने आणखी दोन मिळाल्या. विश्रांतीचा काळ संपल्यावर आम्ही त्या तिन्ही रोज थोड्या थोड्या खेळून पाहिल्या. जोराचे फटके मारून फळी पारखू नये. जोर कोणत्याही नव्या फळीत असतो. किचनच्या रेषेवर उभे राहून समोरच्याला अंगावर मारायला सांगावे आणि फळी नुसती आडवी धरावी. चेंडू जाळीपलीकडे हळूच पडला तर फळी कामाची. छातीइतका उंच उडाला तर ती आपल्याहून शहाणी आहे. मग पन्नास हलके चेंडू जाळीवरून टाकावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळाची तोटी उघडताना कोपर काय म्हणते ते ऐकावे. आमच्या कोपराने पहिल्या फळीस दुसऱ्याच दिवशी नकार दिला. दुसरी ठीक होती. तिसरी फेसाची, संकरित आकाराची, १६ मिलिमीटरची, काट्यावर २२४ ग्रॅम. ती आम्ही सात दिवस खेळलो आणि सातही दिवस तोटी मुकाट्याने उघडली.

किंमत चौकशीअंती निघाली चौदा हजार. अशा फळ्या दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात, म्हणजे ही मधलीच म्हणायची. तरीही आकडा ऐकून आम्ही गप्प झालो. उच्च प्राथमिक शाळेस समग्र शिक्षा योजनेतून क्रीडासाहित्यासाठी वर्षाला मिळतात ते दहा हजारांपर्यंत. त्यात आम्ही व्हॉलीबॉल, दोरीच्या उड्यांचे दोर, लेझीम, कॅरम, सारे बसवतो, आणि पावती पावतीला जोडून हिशेब देतो. दीडशे मुलांच्या वर्षभराच्या खेळापेक्षा महाग अशी एक वस्तू आपल्या एका हातासाठी घ्यायची, हे आम्हांला पचेना. ती रात्र आणि पुढच्याही दोन रात्री आम्ही या कुशीवरून त्या कुशीवर काढल्या.

या प्रकरणाचा निकाल सौ.नी लावला. वेतनाच्या फरकाची रक्कम आली होती आणि ती फ्रिजसाठी ठेवायची असे ठरले होते. ‘आपला फ्रिज आणखी दोन वर्षं चालतोय,’ त्या म्हणाल्या. ‘आणि शाळेतल्या पोरांचं म्हणाल, तर त्या अमेरिकेतल्या माणसानं प्लायवूड कापून फळ्या केल्या असं तुम्हीच सांगत होता ना?’ आमच्या सातवीतील एका मुलाचे वडील सुतार आहेत. त्यांना आराखडा काढून दिला. त्यांनी उरलेल्या तुकड्यांतून बारा फळ्या कापून, कडा घासून दिल्या. मजुरी घेण्यास तयार होईनात, शेवटी मोठ्या मिनतवारीने खिळे-गोंदाचे पैसे घेतले. कबड्डीच्या मैदानावर चुन्याने रेघा आखल्या, दोन खांबांना दोरी बांधून तीवर जुनी साडी टाकली. मुले आता मधल्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवतात, याबद्दल दोन पालकांची तक्रार आमच्याकडे आली आहे. लाकडी फळी जड असते, आवाज भयंकर करते आणि फिरकीचे नाव काढू नये. पण दहा वर्षांच्या कोपरांना याचे काही वाटत नाही.

फळी आली ती सौ.नीच खोक्यातून काढली, हातात तोलली आणि म्हणाल्या, ‘एवढ्या पैशांचं धोपटणं! चादरी बडवायला बरं आहे.’ मग आमच्याआधी त्याच तिच्यावर खेळल्या. त्यांच्या हातून एक उलटा चेंडू जाळीपलीकडे असा काही अलगद पडला, की समोरचा अभियंता जागचा हललाच नाही. ‘काकू, आता हे सरांना मिळत नाही बघा,’ असे तो म्हणाला, आणि ते भाकीत खरे ठरले.

अडचण मुठीची आहे. त्यांच्या हाताचे माप चार इंच, आमचे जवळजवळ साडेचार. फळी घेताना मूठ बारीक निवडली, म्हणजे आम्हांला दोन पट्ट्या गुंडाळून घेता येतील या हिशेबाने. पण दर दोन खेळांनंतर पट्ट्या सोडायच्या आणि पुन्हा गुंडाळायच्या, हे पहाटेच्या तासाभरात कोणी करायचे? सध्या एक पट्टी आहे. त्यांना ती जाड होते, आम्हांला बारीक पडते. एक डाव त्या नव्या फळीने खेळतात, एक डाव आम्ही, आणि उरलेल्या डावास भाच्याची जुनी फळी परिचारिकाबाईंकडच्या फळीशी बदलून घेतो. पुढील महागाई भत्त्याची थकबाकी आली की दुसरी फळी घ्यायची आहे. तीही अशीच, फेसाची, २२० च्या आसपासची. नवी कोणाला आणि ही कोणाला, याचा निर्णय घरात आधीच झालेला असून तो आम्हांस कळवण्यात आला आहे.